पैऱ्यावर परदेश: कोल्हापूरच्या कारखानदारासाठी परदेशी भागीदारीचा सविस्तर रस्ता

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फौंड्रीच्या ऑफिसात वर्षातून एकदा तरी हा प्रसंग घडतो. जर्मनीहून दोन पाहुणे आलेले असतात. शॉप फ्लोअर बघून झालेला असतो, दुपारी तांबडा-पांढरा पाजून त्यांच्या डोळ्यांत पाणीही आणलेलं असतं. मग त्यांच्यातला थोरला साहेब म्हणतो, आम्हाला नुसता सप्लायर नकोय, पार्टनर हवाय. मालक हसून हात मिळवतात. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली की मॅनेजरकडं वळून विचारतात, "ते सगळं खरं ओ, पण महिन्याला टन किती उचलणार?"

प्रश्न चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे. मी आधी एका मशिन शॉपमध्ये निर्यात बघत होतो, मग पंपाच्या सुट्या भागांचा स्वतःचा धंदा केला, आणि आता जास्त वेळ दुसऱ्यांचे करार वाचण्यात जातो. एवढ्या वर्षांत बघितलेली भांडणं टनांवरून कमी आणि न विचारलेल्या प्रश्नांवरून जास्त झाली.

'स्ट्रॅटेजिक अलायन्स' या शब्दानं दबून जायचं कारण नाही. आपल्याकडं पैरा असतो. तुझा एक बैल, माझा एक बैल, मिळून जोडी. बैल ज्याचा त्याचाच राहतो, रान ज्याचं त्याचंच राहतं. पण आधी कुणाचं रान नांगरायचं, वैरण कुणी घालायची, बैल लंगडला तर काय, आणि पुढच्या साली पैरा मोडायचा असेल तर कधी सांगायचं, हे चार शब्दांत ठरलेलं असतं. परदेशी भागीदारीत हेच चार शब्द चाळीस पानांवर लिहिलेले असतात, आणि मालक लोक ती चाळीस पानं वाचत नाहीत.

आधी बघा, पैरा लागतोय का

ड्रॉइंग आलं, सॅम्पल पास झालं, माल न्हावाशेवाला गेला, साठ-नव्वद दिवसांत पैसे आले. याला साधी निर्यात म्हणतात, आणि ती होत असेल तर भागीदारीच्या भानगडीत पडू नका. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड काढा, बँक धरा, पैसे बुडण्याची धास्ती असेल तर ईसीजीसीचा विमा घ्या. ही सरकारी संस्था १९५७ पासून याच कामासाठी आहे.

पैरा लागतो तो एखादी गोष्ट तुमच्याकडं नसेल आणि विकत घ्यायला परवडत नसेल तेव्हा. उदाहरण घ्या. तुमचं एसजी आयर्नचं (चिवट ओतीव लोखंडाचं) कास्टिंग युरोपातल्या एका असेंब्ली लाइनला जातं. जहाजाला सहा-सात आठवडे लागतात. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा त्यात आणखी दहा-पंधरा दिवसांची भर पडली. ग्राहक म्हणतो, माल माझ्या दारापासून दोन तासांवर साठवलेला पाहिजे, आणि खराब निघाला तर उद्या सकाळी माणूस इथं उभा पाहिजे. एका ग्राहकासाठी तिकडं कंपनी काढून, गोडाऊन घेऊन, युरोत पगार देणारा इंजिनिअर ठेवणं शंभर माणसांच्या कारखान्याला झेपत नाही. तिथल्या एखाद्या छोट्या मशिन शॉपला मात्र स्वस्तात चांगली कास्टिंग मिळत नाहीत. तुमचा एक बैल, त्याचा एक बैल. असा पैरा जमतो.

तंत्रज्ञान नसणं, ब्रँड नसणं, तिथलं सर्टिफिकेट नसणं ही बाकीची कारणं. 'नाव मोठं होईल' हे कारण नाही. ते ऐकलं की मी चहा संपवून उठतो.

आपला बैल कोणता

पाहुण्यांना मेल लिहिण्याआधी एक रविवार काढा आणि दोन पानं लिहा. पहिल्या पानावर, आपल्याकडं असं काय आहे जे त्याला दुसरीकडं सहज मिळणार नाही. दुसऱ्या पानावर, आपल्याला काय येत नाही.

पहिल्या पानावर बहुतेक जण 'कमी भाव' लिहितात. कमी भाव हा बैल होत नाही. तुमच्याहून कमी भाव देणारा उद्या राजकोटला निघतो. कोल्हापूरचा खरा माल वेगळा आहे, आणि आपण तो लिहायला विसरतो. नव्या पार्टचा पॅटर्न पटकन तयार करणारे हात, दोनशे-तीनशे नगांची छोटी बॅच काढायची तयारी, आणि फौंड्रीपासून मशिनिंगपर्यंत सगळं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या एका टापूत मिळणं. मोठी फौंड्री तीनशे नगांसाठी फोनही उचलत नाही. तुम्ही उचलता.

दुसरं पान जास्त महत्त्वाचं. आपल्याकडं काम चोख असतं आणि कागद ढिसाळ असतो. वाहन उद्योगातल्या ग्राहकाला आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं सर्टिफिकेट लागतं, पीपीएपीची, म्हणजे पार्ट मंजुरीच्या कागदांची पूर्ण फाईल लागते, हीट नंबरवरून कास्टिंग कुठल्या दिवशी, कुठल्या मेटलमधून ओतलं ते दहा मिनिटांत सांगता यावं लागतं. मिस्त्रींच्या डोक्यात हे सगळं असतं, पण मिस्त्रींचं डोकं ऑडिटला दाखवता येत नाही.

दुसरं पान फारच लांबलं, तर पहिला पैरा गावातच करा. एक फौंड्री, एक मशिन शॉप, एक हीट ट्रीटमेंटवाला आणि एक पेंटिंग-पॅकिंगवाला एकत्र येऊन परदेशी ग्राहकापुढं एकाच भावानं, एकाच जबाबदारीनं उभे राहिले, तर त्याचं चार ठिकाणचं डोकं वाचतं. हे सांगायला सोपं आहे. उद्यमनगरात शेजारच्याला आपला भाव कळू नये म्हणून लोक फोनवर बोलताना दार लावून घेतात, त्यामुळं प्रत्यक्षात अवघड आहे. पण जो गावातल्या तिघांबरोबर वर्षभर नांदू शकत नाही, तो स्टुटगार्टच्या कंपनीबरोबर काय नांदणार?

चपलेची गोष्ट वेगळी आहे. तिथं बैल म्हणजे नाव आणि हात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही, तेव्हा काय गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवतं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ती टिकली नाही, कारण दाद मागायची ती जीआयच्या नोंदणीकृत मालकानं. नंतर प्राडाची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी त्यांनी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, शिवाय प्रशिक्षण.

यातलं भावनेचं बाजूला ठेवा, धंद्याचं घ्या. भारतातलं जीआय भारतातच चालतं, परदेशात आपोआप चालत नाही. युरोपीय संघानं हस्तकलेच्या वस्तूंसाठी जीआयची वेगळी सोय १ डिसेंबर २०२५ पासून सुरू केली आहे, तिथं वेगळा अर्ज लागतो. स्वतःच्या ब्रँडचं नाव बाहेर नोंदवायचं असेल तर माद्रिद प्रोटोकॉलमध्ये भारत २०१३ पासून आहे, एका अर्जात अनेक देश निवडता येतात. आणि युरोपात कातड्यात क्रोमियम सहाचं प्रमाण किलोमागं ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. साल-हिरड्यावर कमावलेल्या कातड्याला ही अडचण मुळातच कमी. हे भागीदाराला आधी सांगा, प्रयोगशाळेच्या रिपोर्टसकट. 'हस्तकला, परंपरा' हे त्यानं शंभर ठिकाणी ऐकलेलं असतं.

पैऱ्याचे प्रकार

सगळ्यात हलका प्रकार एजंट किंवा डिस्ट्रिब्युटर. दोघांत फरक आहे आणि तो पैशाचा आहे. एजंट तुमच्या नावानं ऑर्डर आणतो आणि कमिशन घेतो. डिस्ट्रिब्युटर माल स्वतः विकत घेऊन पुढं विकतो. युरोपीय संघात एजंटला १९८६ पासून कायद्याचं संरक्षण आहे. त्याला काढलंत तर भरपाई द्यावी लागू शकते, जर्मन पद्धतीत ती गेल्या पाच वर्षांच्या सरासरीनं एका वर्षाच्या कमिशनपर्यंत जाते, आणि करारात 'भरपाई मिळणार नाही' असं आधीच लिहून ती टळत नाही. पुष्कळ जण हे काढायच्या दिवशी शिकतात.

त्यापुढं लायसन्स किंवा तांत्रिक सहकार्य. त्यांचं तंत्रज्ञान, तुमचा कारखाना, आणि विक्रीवर रॉयल्टी. फाळ्यानं, म्हणजे मालकाला खंड देऊन रान करण्यासारखंच. फाळा ठरवताना जसं बघतो की पीक बुडालं तरी द्यायचा का, तसंच इथं किमान रॉयल्टीचं कलम बघा. विक्री शून्य झाली तरी ती द्यावी लागते.

मग कंत्राटी उत्पादन, ज्यात डाय-पॅटर्न त्यांच्या पैशाचे असतात. आणि शेवटी दोघांच्या पैशातून तिसरी कंपनी, म्हणजे जॉइंट व्हेंचर. महाराष्ट्रानं याचे मोठे नमुने बघितलेत. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्स झाली. पुढं किर्लोस्कर बाहेर पडले आणि आज ती कमिन्स इंडिया आहे. बजाज ऑटोनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, हळूहळू वाढवला, छोट्या इंजिनाच्या केटीएम चाकणला बनवून जगभर पाठवल्या, आणि २०२४च्या अखेरीस केटीएम आर्थिक संकटात सापडल्यावर २०२५ मध्ये कंपनीचा ताबाच घेतला. अठरा वर्षं. थोडं पाणी, मग थोडं आणखी.

आपल्या आकाराच्या कारखान्याला माझा सल्ला एकच. पहिली दोन वर्षं कंत्राटी उत्पादन किंवा डिस्ट्रिब्युटर यापलीकडं जाऊ नका. तिसरी कंपनी काढणं सोपं असतं, मोडताना दोन देशांतले वकील लागतात.

जोडीदार कुठं शोधायचा

फौंड्रीवाल्यांसाठी ड्युसेलडॉर्फचं गीफा प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं, पुढचं २०२७ मध्ये. सर्वसाधारण इंजिनिअरिंगला हॅनोव्हर. गूळ-खाद्यवाल्यांना दुबईचं गल्फफूड आणि कोलोनचं अनुगा. इंडो-जर्मन चेंबरचं ऑफिस पुण्यात आहे, जपानसाठी जेट्रो ही त्यांची सरकारी व्यापार संस्था आहे. असोसिएशनबरोबर गटानं गेलात तर स्टॉल परवडतो.

पण एक अनुभव सांगतो. चांगले जोडीदार प्रदर्शनात कमी आणि आपल्याच ग्राहकाच्या ग्राहकात जास्त सापडतात. तुमचं कास्टिंग पुण्याच्या कंपनीमार्फत शेवटी कुठल्या देशात, कुणाच्या मशिनवर बसतं ते शोधून काढा. त्या माणसाला तुमच्या कामाची प्रत आधीच माहीत असते. मात्र पुण्याच्या कंपनीबरोबरचा करार आधी वाचा, थेट जायची मनाई त्यात असू शकते. नसली तरी पुण्याला सांगूनच जा. या धंद्यात बातमी गाडीच्या आधी पोहोचते.

पारखताना त्याचे गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागवा. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये कंपन्यांची माहिती सरकारी नोंदणीत बघायला मिळते, अडचण नसते. त्याच्या दोन जुन्या सप्लायरांशी बोला, त्यातला एक सोडून गेलेला असावा. आणि त्याच्या कारखान्यात जा. आम्ही एकदा गेलो तेव्हा ब्रोशरमधल्या मोठ्या मशिन शॉपच्या जागी एक शेड, दोन माणसं आणि एक कुत्रं निघालं. तिकिटाचे पैसे वसूल झाले.

पॅटर्न दाखवण्याआधी

गोपनीयतेचा करार, म्हणजे एनडीए, पहिल्या तांत्रिक मीटिंगच्या आधी सही होतो. नंतर नाही. तो दोन्ही बाजूंना लागू असावा. बहुतेक वेळा त्यांचा छापील मसुदा येतो आणि त्यात फक्त त्यांचीच गुपितं जपलेली असतात. तुमचं मेटलचं मिश्रण, गेटिंगची (साच्यात धातू सोडायच्या वाटांची) रचना, रिजेक्शन कमी करायची तुमची युक्ती, हीसुद्धा गुपितंच आहेत.

इथं आपल्या एका अभिमानाबद्दल बोलायला हवं. कोल्हापूरनं बघून करायला शिकलं. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी बाहेरची इंजिनं उघडून तशीच ओतली. हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. पाहुणा हसतो आणि वहीत लिहून घेतो की यांच्याकडं आपलं ड्रॉइंग सुरक्षित नाही. हा किस्सा जेवताना सांगायचा असेल तर सोबत ड्रॉइंग कंट्रोलचं रजिस्टर दाखवा, कोणाचं ड्रॉइंग कुठल्या कपाटात आणि किल्ली कुणाकडं.

नंतर येतो एमओयू, म्हणजे सामंजस्य करार. लोकांना वाटतं एमओयू म्हणजे फोटोसाठीचा कागद, बांधील नसतो. वरचं नाव काहीही असो, आतली भाषा बांधते. 'हा कागद बांधील नाही, फक्त गोपनीयता, खर्चाची वाटणी आणि वादाचं ठिकाण ही कलमं बांधील आहेत' असं एक वाक्य लिहून घ्या.

करारातली भांडणाची कलमं

कराराची सुरुवात आणि शेवट वकील बघतो. मधली पाच-सहा कलमं मालकानं स्वतः बघायची असतात, कारण वकिलाला ब्लो होल, म्हणजे ओतताना वायूमुळं आत राहिलेली पोकळी, काय असतो ते माहीत नसतं.

त्यावरूनच सुरू करू. तुमचं कास्टिंग आठशे रुपयांचं. तिकडं त्यावर मशिनिंग झालं आणि शेवटच्या कटला आत ब्लो होल निघाला. आता नुकसान किती? तुम्ही म्हणणार आठशे. ते म्हणणार कास्टिंग, मशिनिंग, मशिनचा वेळ, आणि उरलेला सगळा स्टॉक तपासायला बाहेरची एजन्सी लावली तिचं ताशी युरोत बिल. असं डेबिट नोट मी बघितलंय, जे त्या महिन्याच्या पूर्ण कन्साइनमेंटच्या नफ्याला पुरून उरलं. म्हणून करारात लिहा: रिजेक्शनची मर्यादा किती, मशिनिंगचा खर्च कुठपर्यंत आणि वर्षाला एकूण कमाल किती, सॉर्टिंग सुरू करायच्या आधी तुम्हाला कळवायचं, फोटो आणि नमुने किती दिवसांत पाठवायचे. जबाबदारीला वरची मर्यादा नसलेला करार सही करू नका, समोर कितीही मोठं नाव असलं तरी.

भाव. पिग आयर्न, स्क्रॅप आणि वीज तीन महिन्यांत कुठल्या कुठं जातात. दर तिमाहीचं आरएम सेटलमेंट, म्हणजे कच्च्या मालाच्या भावातल्या फरकाचा हिशेब, कुठल्या जाहीर निर्देशांकावर, किती टक्के बदल झाल्यावर, हे सूत्रासकट लिहा. 'परस्पर संमतीनं ठरवू' म्हणजे ते ठरवतील. चलनाचंही तसंच. एका पट्ट्यापर्यंतची घसरण-वाढ तुमची, पुढची निम्मी-निम्मी, असं जमतं.

एक्स्क्लुझिव्ह हक्क. यात मी स्वतः भाजलोय. आखातातल्या एका देशात आमच्या पंपाच्या भागांसाठी एक डिस्ट्रिब्युटर मिळाला. माणूस गोड, घरी बोलावून बिर्याणी खाऊ घातली. त्यानं पूर्ण देशाचे एकट्याला हक्क मागितले, मी दिले, पाच वर्षांसाठी. किमान किती माल घ्यायचा ते लिहिलंच नाही. पहिल्या वर्षी एक कंटेनर. दुसऱ्या वर्षी अर्धा. तिसऱ्या वर्षी काही नाही, कारण त्यानं दुसऱ्याच देशाचा स्वस्त माल आणला होता आणि आमचे हक्क फक्त आम्हाला बाहेर ठेवण्यासाठी धरून ठेवले होते. दुसऱ्या दोन ग्राहकांच्या चौकश्या आल्या, त्या परत पाठवाव्या लागल्या. चूक माझी होती, त्याची नव्हे. तेव्हापासूनचा नियम: हक्क एकट्याला द्यायचे तर एका शहराचे किंवा एका ग्राहकवर्गाचे, एका वर्षासाठी, किमान खरेदीच्या आकड्यासह. आकडा चुकला की हक्क आपोआप सामान्य होतात, नोटीसही लागत नाही.

उलट बाजूही बघा. तुम्हाला कुठं विकायला मनाई आहे? हिरो होंडा १९८४ची. गाड्या लाखांनी खपल्या, पण निर्यातीवर करारातली बंधनं होती. डिसेंबर २०१०ला दोघं वेगळे झाल्यावरच हिरोला जग मोकळं झालं. तुमच्या लायसन्समध्ये 'टेरिटरी: भारत' एवढे दोन शब्द असतील, तर नेपाळलाही माल पाठवता येणार नाही.

सुधारणा कुणाची, हेही कलम बघा. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये तुमच्या माणसानं रिब बदलून वजन दोनशे ग्रॅमनं कमी केलं. हा बदल कुणाच्या मालकीचा? छापील मसुद्यात तो बिनपैशानं त्यांचा असतो. निदान तो दुसऱ्या कारखान्याला देण्याआधी तुम्हाला मोबदला मिळेल एवढं तरी मागा. आणि पॅटर्न-डाय कुणाचे, त्यांचा विमा कोण काढणार, किती शॉटनंतर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं, याची यादी फोटो आणि नंबरसह करारालाच जोडा.

शेवटचं, समांतर दुकान. फ्रान्सची दानोन आणि चीनची वाहाहा यांची १९९६ पासूनची भागीदारी २००७ मध्ये चव्हाट्यावर आली, कारण वाहाहाच्या बाजूनं त्याच ब्रँडचा माल विकणाऱ्या वेगळ्या कंपन्या चालवल्या असा दानोनचा आरोप होता. २००९ मध्ये दानोननं आपला ५१ टक्के हिस्सा विकून विषय संपवला. आपल्याकडं हे मेव्हण्याच्या नावानं होतं. करारात 'थेट किंवा नातेवाइकांमार्फत' असे शब्द असू द्या, दोन्ही बाजूंना लागू.

बाहेर पडायचं दार

वाद कुठं सोडवायचा? जर्मनीच्या किंवा अमेरिकेच्या कोर्टाचा निकाल भारतात थेट अंमलात आणता येत नाही, कारण त्या देशांशी तशी परस्पर व्यवस्था नाही. ब्रिटन, सिंगापूर, यूएई यांच्याशी आहे. लवादाचा, म्हणजे दोघांनी मानलेल्या पंचाचा निवाडा मात्र १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळं दोन्हीकडं चालतो. म्हणून कोर्टाऐवजी लवाद लिहा. सिंगापूर सगळ्यांना मान्य होतं पण महाग पडतं. मुंबईत एमसीआयए हे लवाद केंद्र २०१६ पासून आहे, ते आधी सुचवून बघा. तीन लवादांऐवजी एकच, आणि ठरावीक रकमेखालच्या वादाला कागदोपत्री सुनावणी. आणखी एक: कायदा जर्मन लिहिलात तर मालविक्रीचा व्हिएन्ना करार आपोआप लागू होतो. भारत त्यात नाही, आपल्या वकिलांना त्याची सवय नाही. नको असेल तर स्पष्ट वगळा.

हिस्सा विकून बाहेर पडण्याबद्दल टाटा-डोकोमोचं प्रकरण प्रत्येकानं वाचावं. जपानच्या डोकोमोनं २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सुमारे २६ टक्के घेतले. बाहेर पडायची वेळ आली तर मूळ किमतीच्या निम्मी रक्कम तरी मिळेल असं ठरलं होतं. २०१४ मध्ये वेळ आली, तेव्हा आधीच ठरवलेल्या भावानं परदेशी भागीदाराला पैसे द्यायला रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली नाही. लंडनच्या लवादानं २०१६ मध्ये सुमारे १.१७ अब्ज डॉलरचा निवाडा दिला आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण मिटलं. टाटांना वकिलांची वाण नव्हती, तरी कलम आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, एकमेकांना आडवे आले. परदेशी भागीदाराला ठरावीक परताव्याची हमी देणारं कोणतंही वाक्य सहीआधी फेमा जाणणाऱ्या सीएला दाखवा.

सरकारी कागद

हा भाग सीए करतो, तुम्ही फक्त तारखा लक्षात ठेवा. परदेशी भागीदारानं तुमच्या कंपनीत पैसे घातले तर शेअर वाटल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरायचा. चीनसारख्या सीमेला लागून असलेल्या देशांच्या गुंतवणुकीला एप्रिल २०२०च्या प्रेस नोट ३ नं सरकारची पूर्वपरवानगी लावली, ताजी स्थिती विचारून घ्या. तुम्ही बाहेर पैसे घालणार असाल तर २०२२चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम लागतात: नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत आपोआप परवानगी, पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत युनिक नंबर, आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवाल. रॉयल्टी बाहेर पाठवताना इथं कर कापावा लागतो. जर्मनीशी असलेल्या करकरारात तो १० टक्के आहे. मसुद्यात 'सर्व करांव्यतिरिक्त निव्वळ' असे शब्द असतील तर तो कर तुमच्या खिशातून जातो. माझ्या वाचनात दहापैकी आठ मसुद्यांत हे शब्द असतात आणि मालकांनी ते बघितलेले नसतात.

पहिलं वर्ष

सही झाली की दोन्हीकडं एकेक माणूस नेमा, ज्याचं तेवढंच काम. मालकाचा मुलगा नको, तो दहा कामं बघतो. आठवड्याला अर्ध्या तासाचा कॉल, दुपारी तीनच्या सुमाराला, तेव्हा जर्मनीत सकाळ असते. वाईट बातमी आधी सांगायची. आपल्याकडं 'उद्या जातंय साहेब' म्हणण्याची सवय आहे, तिनं जेवढे ग्राहक घालवले तेवढे ब्लो होलनी घालवले नसतील. भट्टी बंद आहे तर भट्टी बंद आहे म्हणून सांगा, आणि सोबत कधी सुरू होणार ते सांगा.

दोन्ही बाजूंच्या सुट्ट्यांचं एक कॅलेंडर करा. त्यांचा ऑगस्ट आणि नाताळ, आपली दिवाळी, आणि जोतिबाच्या यात्रेला किती माणूस कमी होतो ते.

आणि पावसाचं लिहा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. छापील करारात 'नैसर्गिक आपत्ती' एवढंच असतं, आणि जर्मन माणूस विचारतो, आपत्ती म्हणजे नेमकं काय? आम्ही एका करारात सरळ लिहिलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या, म्हणजे धोका पातळीच्या वर गेली किंवा महामार्ग प्रशासनानं बंद केला, तर त्या दिवसापासून डिलिव्हरीची मुदत थांबते, पुरावा म्हणून जिल्हा प्रशासनाचं रोजचं पाणीपातळीचं पत्रक. त्या बदल्यात चार आठवड्यांचा जादा स्टॉक जूनअखेर त्यांच्या गोडाऊनमध्ये पोहोचवायचं आम्ही कबूल केलं. त्यांच्या वकिलाला ते कलम फार विचित्र वाटलं होतं. आता जुलै लागला की आमच्या आधी त्यांचाच मेल येतो: नदी किती फुटांवर?